मुंगीची अकीक-चीप आणि चिरकीचे धोंडे

नालवाडीहून नागपूर रस्त्याने निघालं की थोड्या वेळात पवनार येतं आणि धामचा पूल लागतो. या नदीवर येणारा माणूस मूर्ती बघायला येतो. विनोबा नालवाडी सोडून १९३८ साली पवनारला गेले आणि तिथे जमीन खणताना भरत-भेटीचं शिल्प निघालं, ही गोष्ट वर्ध्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर असं मांडलं. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. सगळ्यांची नजर काठावरच्या टेकाडाकडे. माझी मात्र कॉलेजात असल्यापासून खाली, पात्रातल्या गोट्यांकडे. रेतीघाटावर चाळणीतून बाजूला पडणारा जो ढीग असतो, त्यात अकीक असतो, तांबूस जास्पर असतो, दुधी गारगोटी असते. माणसाने हजारो वर्षं ज्यापासून हत्यारं केली, नेमके तेच दगड. त्यातला एखादा माणसाने फोडलेला आहे की नदीने, हे सांगायचं कसं?

ओळखीच्या खुणा पुस्तकात सोप्या वाटतात. गारगोटीवर नेमका घाव बसला की चीप निघते. घाव बसला तिथे लहानशी सपाटी राहते, तिच्याखाली फुगवटा येतो आणि त्यातून लाटा पसरलेल्या दिसतात. मूळ दगडावर तेवढाच खोलगट व्रण उरतो. पण पुरात एक धोंडा दुसऱ्यावर आदळला तरी हेच घडतं. बैलगाडीची लोखंडी धाव, गिट्टीचा क्रशर आणि आपल्या आजोबांची चकमक यांनीही चिपा उडतात. म्हणून एका व्रणावर निकाल द्यायचा नसतो. व्रण एका ओळीत आहेत का, एकाच कडेकडे वळलेत का, दोन्ही बाजूंनी घेतलेत का, हे पाहायचं. नदी धार लावायच्या हेतूने दगड फोडत नाही. तिचे घाव कुठेही बसतात. मग राप, म्हणजे काळाबरोबर दगडावर चढणारी झाक, पाहायचा. जुन्या व्रणावर आणि बाकीच्या पृष्ठभागावर सारखाच राप चढलेला असेल तर फोड जुनी. आतला ताजा रंग दिसत असेल तर कालपरवाची. शेवटी कडा. गोल झिजल्या असतील तर दगड पाण्याबरोबर लांबून आलाय, टोचत असतील तर जवळच कुठेतरी पडलेला होता.

बेसॉल्टच्या मुलखात आणखी एक पंचाईत आहे. आपला काळा पाषाण भरड असतो, उन्हापावसात त्याची साल निघते आणि सालीबरोबर व्रणही जातात. दख्खनच्या पठारावर आदिमानव फारसा फिरकलाच नसावा, असा समज अभ्यासकांत बराच काळ होता, त्याला हेही एक कारण. मद्रासकडे क्वार्ट्झाइटच्या हातकुऱ्हाडी ढिगाने मिळत होत्या, आपल्याकडे मिळत नव्हत्या.

पण आपल्याकडची पहिली वस्तू फार लवकर मिळाली होती आणि तिच्याकडे नीट कुणी पाहिलंच नाही, असं माझं मत आहे. रॉबर्ट ब्रूस फूटला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला हातकुऱ्हाड सापडली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फूटच्याच भूवैज्ञानिक खात्यातल्या विन नावाच्या माणसाला त्याच दशकात पैठणजवळच्या मुंगीला, गोदावरीच्या जुन्या गाळात, अकीकाची एक चीप मिळाली. खातेप्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी तिच्यावर खात्याच्या ‘रेकॉर्ड्स’च्या १८६८ मधल्या पहिल्याच खंडात टिपण लिहिलं. त्या टिपणाचं शीर्षक मला सगळ्यात आवडतं. थराचं वय म्हणून ‘प्लायोसीन’ असं लिहिलंय आणि त्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलंय.

ते प्रश्नचिन्ह म्हणजे नुसता सरकारी सावधपणा नाही. जेमतेम नऊ वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, प्रेस्टविच आणि इव्हान्स या दोघा इंग्रजांनी फ्रान्सच्या सोम नदीच्या खोऱ्यात जाऊन बूशे द पेर्थ या कस्टम्स अधिकाऱ्याचा दावा जागेवर तपासला होता. नामशेष प्राण्यांची हाडं आणि घडवलेले दगड एकाच थरात मिळतात, हे मान्य होऊन फार दिवस झाले नव्हते. अशा वेळी गोदावरीकाठची एक चीप हातात धरून ओल्डहॅमना ठरवायचं होतं की दगड घडवलेला आहे आणि थरही जुना आहे. एक गोष्ट पटली, दुसरी अर्धीच पटली, आणि ते त्यांनी शीर्षकातच छापलं. आजच्या बातमीदारीत ‘लाखो वर्षांपूर्वीचे अवशेष’ बेधडक छापतात, तेव्हा मला त्या कंसाची आठवण होते.

विनची चीप एकटी होती, म्हणून ती बाजूला पडली. १८७२ मध्ये हॅकेटला नर्मदेवर भुत्र्याला हातकुऱ्हाड मिळाली, तिचा गाजावाजा जास्त झाला. हातकुऱ्हाड देखणी असते, चीप नसते. जवळपास ८५ वर्षांनी, १९५४ मध्ये, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया नेवाशाला प्रवरेच्या काठी उतरले तेव्हा अशा चिपांचं नशीब उघडलं. काठाच्या कापात वेगवेगळे थर उघडे पडलेले होते. त्यातल्या एका गोट्यांच्या थरात अकीक, जास्पर, चर्ट यांच्या तासण्या आणि टोच्या मिळत होत्या. हातकुऱ्हाडींहून लहान, सूक्ष्मास्त्रांहून मोठ्या. भारतात मध्य पुराणाश्मयुग असा स्वतंत्र टप्पा मानायला खरा भक्कम आधार इथे मिळाला आणि ‘नेवासियन’ हे नाव पुस्तकांत गेलं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावाचं नाव एका दगडी संस्कृतीला मिळालं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आता गुड्रून कॉर्विनस. जर्मनीतून आलेल्या या बाईंबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. १९६६ मध्ये त्यांना नेवाशाजवळ, प्रवरेला मिळणाऱ्या चिरकी नाल्यावर, जागा दिसली आणि १९६९ पर्यंत त्यांनी तिथे उत्खनन केलं. तोवर आपल्याकडची पद्धत अशी की नदीकाठाने चालायचं, कापात दिसतील ती हत्यारं काढायची, पिशवी भरायची. बाईंनी उलटं केलं. त्यांनी मोठे चौकोन खणले, धोंड्यांच्या थरात प्रत्येक हातकुऱ्हाड, प्रत्येक फरशी-कुऱ्हाड आणि प्रत्येक निरुपयोगी छिलका कुठे पडलाय याची नोंद केली. छिलके आणि हत्यारं एकत्र असतील तर कारागीर तिथेच बसला होता. सुटी हत्यारंच असतील तर पाण्याने वेचून आणली. इतका साधा तर्क, पण त्यासाठी कचराही मोजावा लागतो. चिरकी ही नदीकाठची वस्तीच होती, असं त्यांचं म्हणणं. माझी शंका अशी की एवढे धोंडे जिथे आहेत तिथे पाण्याचा जोरही कधीतरी मोठा असणारच. पण शंका घेण्याइतपत पुरावा त्यांनीच मांडून ठेवला, हे विसरायचं नाही. प्रवरा खोऱ्यावरचे त्यांचे दोन खंड १९८१ आणि १९८३ मध्ये निघाले. उत्खनन आणि हे खंड यांच्या मधल्या काळात त्या इथिओपियात हदारला होत्या, ल्युसी या मानवपूर्वजाचा सांगाडा मिळाला त्या मोहिमेत. जवळच्या गोना भागातल्या अतिप्राचीन हत्यारांच्या पहिल्या शोधांतही त्यांचा वाटा आहे. मग नेपाळ. २००६ मध्ये पुण्यात त्यांचा खून झाला.

हत्यार ओळखलं तरी वय उरतंच. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, कुकडी नदीच्या काठी, हातकुऱ्हाडींच्या जोडीला ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. आपल्याकडे राख म्हणजे घबाड, कारण तिचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. पहिलं उत्तर आलं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार. त्याच वर्षी रसायनशास्त्रवाले म्हणाले, ही सुमात्रातल्या टोबाची राख, फक्त ७५ हजार वर्षांची! हातकुऱ्हाडी इतक्या अलीकडच्या मानायला डेक्कन कॉलेजातली मंडळी तयार होईनात. वाद कित्येक वर्षं चालला. मला पटतं ते असं: ज्वालामुखी टोबाच, पण त्याचा जुना स्फोट. टोबा एकदाच फुटलेला नाही आणि त्याच्या राखा एकमेकींसारख्या दिसतात. कऱ्हेकाठच्या मोरगावला तशाच राखेच्या सोबतच्या गाळाचं चुंबकीय मापन ७ लाख ८० हजार वर्षांच्या मागे जातं, आणि २०११ मधल्या एका अभ्यासानेही ही राख सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जोडली.

धामकडे परत आलो तर प्रश्न सरळ आहे. आमच्या खालच्या अंगाला चंद्रपूरची पापामिया टेकडी अश्मयुगीन हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे, वर नर्मदा आहे, जिथे हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकियांना मानवी कवटी मिळाली. मधल्या वर्धा खोऱ्यात माणूस आलाच नसेल, हे मला पटत नाही. पण रेतीघाटावरच्या ढिगातून उचललेली चीप, कितीही सुबक असली, तरी तिचा थर कधीच हरवलेला असतो. शोधायचं तर पात्रात नाही, काठाच्या उभ्या कापात, चुनखडीने घट्ट बसलेल्या गोट्यांच्या थरात. तिथे चीप दिसली तर ती उपसायची नाही. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचा, थराची उंची लिहायची, गावाचं नाव लिहायचं आणि नागपूरला पुरातत्त्व विभागाला कळवायचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे काम करता येतं, आणि रेतीचा उपसाही नेमका त्याच दिवसांत जोरात असतो.