समुद्रातलं दगडफूल

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आमच्या चिरनेरच्या बाजूला हा हिशोब घरात घड्याळ येण्याआधीपासूनचा. अमावास्या म्हणजे १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी सुकती. म्हणून चैत्री अमावास्येला मी, थोरला नातू आणि धाकटी नात असे तिघं पहाटेच्या अंधारात उरणच्या पीरवाडीला निघालो. थोरल्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "आजोबा, तुमचा हिशोब अर्ध्या तासाने चुकतो." चुकू दे. अर्ध्या तासासाठी मी आज्याचा पाढा टाकणार नाही.

उजाडलं तेव्हा खडक उघडे पडले होते. कालवांची कवचं अशी धारदार, की चप्पल घसरली तर पाय चिरलाच. एका खळग्यात गुडघाभर पाणी राहिलं होतं. धाकटी त्याच्या काठावर उकिडवी बसली आणि हलेचना.

पाण्यात तांबूस शेवाळाचं झुडूप होतं, वीतभर. त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात काहीतरी पिवळट, फुगीर, उकडीचं पीठ चिकटून राहावं तसं. त्यावर बारीक भोकं, आणि मधेच एक-दोन मोठी.

"शेवाळाला बुरशी लागलीय," थोरला म्हणाला.

"बुरशी नाही. जनावर आहे ते. स्पंज."

थोरल्याला दहावीच्या पुस्तकातला 'रंध्रीय प्राणी' आठवला. धाकटीला मात्र पटेना. "याचं तोंड कुठाय?"

प्रश्न बरोबर आहे. याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. बारीक भोकांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जिवाणू आणि कण गाळून खायचे, उरलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं. जन्मभर एवढाच धंदा. ती हात घालून ते उपटायला निघाली तेव्हा मी तिचं मनगट धरलं. पाण्याबाहेर काढलं की भोकांत हवा शिरते, पाणी खेळायचं थांबतं आणि जीव जातो. मग आम्ही चिमूटभर गाळ त्याच्याजवळ सोडला, म्हटलं कारंजं दिसेल. दहा मिनिटं तिघांची डोकी पाण्यावर. काही दिसलं नाही. गाळ खाली बसला, आणि धाकटीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी थापा मारतोय.

तिला मी रॉबर्ट ग्रँटची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचा हा डॉक्टर. पुढे चार्ल्स डार्विनला विद्यार्थिदशेत ज्याने समुद्रातले जीव बघायला शिकवलं, तोच. स्पंज वनस्पती की प्राणी, यावर तेव्हा शहाणी माणसं भांडत होती. १८२५ साली त्याने स्पंजाचा जिवंत तुकडा काचेच्या वाटीत समुद्राचं पाणी घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बघत बसला. एका भोकातून कण जोरात बाहेर फेकले जात होते, थांबतच नव्हते. 'पोरिफेरा', म्हणजे भोकं वागवणारे, हे नावही त्याचंच.

"पण स्पंज शेवाळावर का बसतो?" हा प्रश्न परतीच्या सहा आसनी रिक्षात आला. त्याचं उत्तर घरी अंगणातच पसरलेलं होतं.

मसाल्याचे दिवस. आजीने मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि सुपात दगडफूल निवडत होती. राखाडी, आतून काळं, चुरगळलेल्या कागदासारखं. मी एक पापुद्रा उचलला. "हे एक झाड वाटतं ना? यात दोघं आहेत. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हात स्वयंपाक करतं."

आमच्या अक्कादेवीच्या रानात झाडावर राहणाऱ्यांच्या तऱ्हा पोरांनी पाहिल्यात. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी नुसती फांदीवर बसते, झाडाचं काही घेत नाही. पीरवाडीचा स्पंज बहुधा आमरीच्या जातीतला, बैठक मिळाली म्हणून बसलेला. शेवाळावर त्याची सावली पडते, तेवढा त्रास.

पण समुद्रात खरं दगडफूलही आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सेराटोडिक्टिऑन नावाचं लाल शैवाल आणि हॅलिक्लोना जातीचा स्पंज एकमेकांत असे विणलेत, की बघणाऱ्याला एकच जीव वाटावा. आकार शैवालाच्या फांद्यांचा, वरचं कातडं स्पंजाचं. स्पंज अंगातला अमोनिया टाकतो आणि शैवाल तो उचलतं. २००२ साली संशोधकांनी मोजून दाखवलं, की शैवालाची नायट्रोजनची गरज त्यावर भागते. आपण भाताला युरिया विकत आणतो. याच्या दारात गोणी रोज फुकट रिकामी होते.

"आणि स्पंजाला काय मिळतं?"

खांब. मेक्सिकोच्या मासात्लानच्या समुद्रात याच गोतातला दुसरा स्पंज जानिया नावाच्या चुनखडी शैवालाबरोबर राहतो. एरवी स्पंज पाण्यातलं सिलिका घेऊन अंगात काचेच्या बारीक सुया घडवतो, त्यावर त्याचं शरीर उभं राहतं. शैवालाच्या कडक फांद्या आत मिळाल्या की हा सुया कमी करतो. संशोधकांनी जागा बदलून, सोबत तोडून पाहिलं. एकटा पडलेला स्पंज पुन्हा काच जमवू लागला. मला हे फार आवडतं. डोकं नाही, तरी खांब तयार आहे हे त्याच्या अंगाला कळतं.

"म्हणजे घर कोणाचं आणि पाहुणा कोण?" थोरल्याने विचारलं.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. धाकटी नखाने दगडफुलाचा पापुद्रा सोलून बुरशी एका बाजूला आणि शैवाल दुसऱ्या बाजूला काढायच्या खटपटीत होती. आजीने तिच्या हातातून तो काढून घेतला आणि सुपात टाकला.

"दोघंही मसाल्यात जायचेत," ती म्हणाली. "हात धुवा आधी, समुद्राचा वास येतोय."