रूपर्ट नावाची खार

“काका, हिच्या पाठीवर रामाची बोटंच नाहीत!”

नाताळच्या सुटीत वर्ध्याच्या आमच्या घरी ‘द ग्रेट रूपर्ट’ हा जुना अमेरिकन चित्रपट लावला, तेव्हा सात वर्षांच्या पुतणीने घेतलेली ही पहिली हरकत. अंगणातल्या कडुनिंबावर दिवसभर खारी पाहणाऱ्या पोरीला ही अमेरिकन खार पटेना. झुबकेदार शेपटीची, आपल्या खारीपेक्षा थोराड, त्यात कमरेला स्कॉटिश घागरा. पण ती नाचायला लागली आणि हरकत विरली. पुढचा प्रश्न आला, “हिला नाच कुणी शिकवला?”

असाच प्रश्न १९५० साली चित्रपट आला तेव्हा मोठ्या माणसांनाही पडला होता. इतकी तयार खार तुम्हाला मिळाली कुठे, असं विचारणारी पत्रं निर्माते जॉर्ज पाल यांच्याकडे आली. खार नव्हतीच. होती ती बाहुली. माणसाच्या हाताने केसभर हलवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं लागतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. रूपर्टने मान वळवून शेपटी झटकली की एवढ्याशा हालचालीमागे कुणीतरी पाठ मोडेपर्यंत वाकून राहिलेलं असतं. केसाळ बाहुलीत आणखी एक अडचण असते. हलवणाऱ्याच्या बोटांनी केस विस्कटतात आणि पडद्यावर ते वारा लागल्यासारखे थरथरतात. १९३३ च्या ‘किंग काँग’मधल्या गोरिलाच्या अंगावर ही थरथर स्पष्ट दिसते.

पाल मूळचे हंगेरीचे, जन्म १९०८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत पोचले आणि ‘पपेटून’ नावाने लाकडी बाहुल्यांचे लघुपट करू लागले. त्यांची पद्धत विलक्षण खर्चीक होती. बाहुलीचा एकच चेहरा वाकवण्याऐवजी प्रत्येक भावासाठी वेगळं डोकं, प्रत्येक पावलासाठी वेगळा पाय कोरायचा आणि चित्रागणिक बदलत जायचा. एकेका लघुपटाला असे हजारो तुकडे लागत. या कामासाठी त्यांना मानद ऑस्कर मिळालं. ‘रूपर्ट’ हा त्यांनी निर्माण केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दिग्दर्शक आयर्विंग पिशेल, आणि मुख्य भूमिकेत त्या काळचा लाडका विनोदी नट जिमी ड्युरांटी.

गोष्ट साधी आहे. खारीचा खेळ करणारा एक कलावंत कफल्लक होतो, खोली सोडतो, रूपर्टला मोकळं करतो. रूपर्ट मात्र परत येऊन त्याच घराच्या भिंतीत बिऱ्हाड करते. रिकाम्या खोलीत अमेंडोला हे तसंच कडकीतलं कुटुंब येतं. घरमालक डिंगल चिक्कू; खाणीतल्या गुंतवणुकीतून त्याला दर आठवड्याला १,५०० डॉलर मिळू लागतात. बँकेवर विश्वास नाही, म्हणून तो नोटा भिंतीतल्या भोकात सारतो. ते भोक म्हणजे रूपर्टचं घर! नोटांची अडगळ नको म्हणून ती त्या बाहेर ढकलते. त्याच क्षणी खाली मिसेस अमेंडोला मुलीच्या जोड्यांसाठी देवाला हात जोडून उभ्या असतात आणि वरून नोटा बरसतात.

या चित्रपटाचा जीव या एका क्षणात आहे. आपल्याला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात, त्या बाईला एकच. रूपर्ट बोलत नाही, डोळा मारत नाही, उपकार केल्याचा आव आणत नाही. तिला फक्त घर झाडायचं आहे. प्राण्याला प्राणीच ठेवण्याचा हा संयम मला आजच्या बडबड्या कार्टून प्राण्यांपेक्षा फार मोलाचा वाटतो. मधलं प्रेमप्रकरण रेंगाळतं, ते मान्य. पण रूपर्ट पडद्यावर आली की घरातली लेकरं सरळ होऊन बसतात, हे मी पाहिलं आहे. पुढे २००३ मध्ये या कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवून ‘अ ख्रिसमस विश’ या नावाने आणलं. शक्यतो मूळचा कृष्णधवलच पाहावा.

पुतणीला मी त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांगितली. रूपर्टच्या जवळजवळ चार दशकं आधी आपल्याकडे एका माणसाने हेच केलं होतं, कुंडीतल्या वाटाण्यावर. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन मुंबईत आले. कॅमेरा होता, भांडवल नव्हतं. हलती चित्रं आपण बनवू शकतो हे सावकाराला पटवायचं कसं? त्यांनी वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि अंकुर फुटून वेल चढेपर्यंत रोज थोडी थोडी चित्रं घेतली. महिन्याभराची वाढ पाहणाऱ्यासमोर मिनिटभरात उलगडली. ती पाहून यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळालं ते एका रोपाच्या वाढीवर, ही गोष्ट शाळेत शिकवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

फाळके तिथे थांबले नाहीत. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवल्या. पुढे पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा रघुनाथ केळकरांचा व्यंगचित्रपट काढला. जंबूक म्हणजे कोल्हा. रूपर्टच्या १६ वर्षं आधी एक मराठी कोल्हा पडद्यावर चालला होता. तो अमेरिकन खारीइतका आपल्या पोरांच्या ओळखीचा नाही, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी आगपेटी घेऊन आली. आजीने काड्यांची गुलं मोडून दिली. डब्याला टेकवून मोबाइल उभा केला, तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावली. एक काडी सरकव, फोटो घे, हात बाजूला, पुन्हा सरकव. दुपारपर्यंत ९६ फोटो झाले. चार सेकंदांत एक काडी फरशी ओलांडून पेटीत शिरली. पोरीने ते चार सेकंद घरातल्या प्रत्येकाला दाखवले, मग दूधवाल्याला दाखवले.

आमच्या वर्धा जिल्ह्यात नाताळच्या दिवसांत घरोघरी हरभरा असतो. मूठभर दाणे कुंडीत पेरा, मोबाइल एका जागी पक्का करा, रोज त्याच वेळी एक फोटो घ्या आणि ते काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हाती द्या.