घटस्फोट झाला, सही मात्र राहिली!

ऑनसाइटची ऑफर, घाईघाईत उरकलेलं लग्न, मग ती एच-फोर व्हिसावर त्याच्यामागोमाग न्यू जर्सीत. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना ही स्टोरी पाठ आहे. याच स्टोरीत दरवर्षी १५ एप्रिलच्या आत एक छोटासा सीन असतो. तो लॅपटॉप पुढे सरकवतो, ‘इथे साइन कर गं.’ आणि ती करते. बास!

ही सही असते अमेरिकेतल्या जॉइंट टॅक्स रिटर्नवर. आपल्याकडे नवरा-बायकोचं जॉइंट रिटर्न हा प्रकारच नाही. ज्याचं पॅन, त्याचा टॅक्स. तिकडे मात्र एकत्र रिटर्न भरलं की बहुतेक जोडप्यांचा टॅक्स कमी होतो. त्यामुळे घरी बसलेली, एक डॉलरही न कमावणारी बायकोसुद्धा त्यावर सही करते.

माझ्या एका मैत्रिणीने सलग तीन वर्षं ती केली. पुढे पटलं नाही, घटस्फोट झाला. ‘टॅक्सचं जे निघेल ते नवरा भरेल’ असं कागदोपत्री ठरलंही. ती निर्धास्त! आणि एक दिवस तिथल्या टॅक्स खात्याची, म्हणजे आयआरएसची नोटीस आली. नवऱ्याने नोकरीबाहेर केलेल्या कामाची कमाई रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती. टॅक्स, पेनल्टी, वर व्याज. आणि नाव दोघांचं.

‘पण कोर्टात ठरलंय ना, तो भरेल म्हणून?’ तिचा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

उत्तर ऐकून धक्का बसतो. घटस्फोटाचा करार असतो तुम्हा दोघांतला. आयआरएस त्यात पार्टी नाही, त्यामुळे तो त्यांच्यावर बंधनकारक नाही. जॉइंट रिटर्नचं देणं निम्मं-निम्मंही नसतं. पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकते. तिने भरले, तर एक्सकडून ते मिळवायला पुन्हा कोर्टाची पायरी तिनेच चढायची.

मग सुटका? आहे. १९९८च्या कायद्याने ‘इनोसंट स्पाउज रिलीफ’चा मार्ग बराच मोकळा केला. फॉर्म ८८५७ भरायचा आणि पटवून द्यायचं की ही चूक मला माहीत नव्हती, माहीत असण्याचं कारणही नव्हतं. घटस्फोट झालेल्यांना ज्याच्या-त्याच्या वाट्याचा टॅक्स वेगळा करून मागता येतो. या दोन्हींसाठी वसुली सुरू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिसरा मार्ग, एकूण परिस्थिती पाहून दिलेल्या सवलतीचा. तिथे मुदत जास्त मिळते. अर्ज केल्याचं एक्सला कळवलं जातंच, पण तुमचा सध्याचा पत्ता त्याला सांगत नाहीत.

मैत्रिणीचा फॉर्म गेलाय. निर्णय यायचाय. तोवर जुने ईमेल, बँक स्टेटमेंट्स, ‘मला काय माहीत होतं?’ याचे पुरावे शोधणं चालू आहे.

तुम्ही निघताय तिकडे? मग हे लक्षात ठेवा:

- सही करण्याआधी रिटर्न उघडा. पगाराशिवायची कमाई कुठे दाखवलीय, ते विचारा. लाजू नका.
- शंका असेल तर वेगळं रिटर्न भरा. टॅक्स कदाचित जास्त पडेल, पण जबाबदारी फक्त तुमची. मुदत उलटल्यावर जॉइंटचं सेपरेट करता येत नाही.
- दरवर्षीच्या रिटर्नची कॉपी स्वत:च्या मेलमध्ये ठेवा.
- घटस्फोट होतोय? वकिलाला जुन्या रिटर्न्सबद्दल आवर्जून विचारा.

आणि इथेच राहणाऱ्यांनो, हुश्श करू नका! वाकड-हिंजवडीच्या फ्लॅटचं होम लोन दोघांच्या नावावर आहे ना? तिथेही बँक तुमचा घटस्फोट बघत नाही, कर्जाच्या कागदावरची सही बघते.