काम सारखे, तर मजुरीही सारखी

बी, खत आणि पाणी यांची चिंता प्रत्येक शेतकरी वाहतो. परंतु ज्या हातांच्या श्रमाने या तिन्ही गोष्टींचे पिकात रूपांतर होते, त्या हातांच्या मोलाचा विचार तितक्या काळजीने होत नाही. पुरुषाचा रोज निराळा आणि बाईचा रोज निराळा, हा रिवाज गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हा रिवाज न्यायाला धरून नाही, कायद्याला धरून नाही आणि शेतीच्या हिताचाही नाही.

श्रावणातील उघडीप डोळ्यांसमोर आणावी. सोयाबीनच्या शेतात दहा मजूर खुरपणीस लागले आहेत. सहा स्त्रिया व चार पुरुष. सर्वांनी सकाळी एकाच वेळी पात धरली, दुपारची भाकरी एकाच झाडाखाली खाल्ली आणि दिवस मावळताना सर्वजण एकाच बांधाला पोहोचले. मजुरी वाटण्याची वेळ आली, तेव्हा मात्र पुरुषांच्या हाती जास्त पैसे पडले आणि स्त्रियांच्या हाती कमी. कारण विचारता उत्तर मिळते, ‘बाईमाणसाचा रोज एवढाच असतो.’ कामाचे मोजमाप येथे झालेलेच नाही. मोजमाप झाले ते माणसाचे.

हलके काम कोणते?

स्त्रियांची कामे हलकी असतात, असे या रिवाजाचे समर्थन केले जाते. भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावणे, अथवा उन्हात कमरेला ओटी बांधून कापूस वेचणे, ही कामे हलकी आहेत असे ती स्वतः करून पाहणारा कोणीही म्हणणार नाही. कापसात पालापाचोळा व कवडी येऊ न देणे हे कसब आहे, आणि बाजारात त्या स्वच्छ कापसाचा भाव शेतकऱ्यालाच मिळतो.

नांगरणी किंवा औषध फवारणी यांसारख्या निराळ्या कामाचा दर निराळा असू शकतो. काम सारखे आहे किंवा नाही हे ठरविताना त्याला लागणारे कसब, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी पाहावयाच्या असतात. मात्र एखाद्या स्त्रीने फवारणीचे काम केले, तर तिला फवारणीचाच दर मिळाला पाहिजे.

कायद्याची वाटचाल

समान कामास समान वेतन हे तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या 39 व्या कलमात राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद आहे. याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1951 सालचा करार भारताने 1958 साली मान्य केला. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीचा समावेश होता. पुढे 1976 साली समान मोबदल्याचा कायदा झाला. या दोन्ही कायद्यांची जागा आता 2019 च्या वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे.

या संहितेनुसार एकाच मालकाकडे सारखे काम करणाऱ्यांमध्ये केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही. दर सारखे करण्यासाठी पुरुषांची मजुरी खाली आणणे, ही पळवाटही कायद्याने बंद केली आहे. रोजाने काम करणाऱ्याची मजुरी त्या दिवसाचे काम संपताच दिली पाहिजे. आठवड्याच्या हिशेबाने काम असल्यास साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ती चुकती करावी लागते.

‘तिने कमी रोज स्वतःच कबूल केला होता,’ ही सबब टिकत नाही. हक्काची रक्कम सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. पैशाच्या अडचणीची सबबही चालत नाही. मुंबईतील एका कंपनीच्या स्त्री लघुलेखकांच्या प्रकरणात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. मजुरी कमी मिळाल्यास मजुराला तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. देय रकमेपेक्षा कमी देणाऱ्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे व्यवहारात शक्य आहे काय?

याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 साली संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्या कामांवर माती मापावर मोजली जाई आणि मापाचा दर स्त्री-पुरुषांना सारखाच असे. पाझर तलावावर पाटी वाहणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल सरकारी कामावर पुरुषाइतके होते आणि शेजारच्या शेतात ते कमी होते, ही विसंगती त्या काळी गावकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिली आहे.

उसाच्या तोडणीत भेदाचे रूप निराळे आहे. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर आणि टनाचा हिशेबही त्याच्याच नावावर. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे व त्या गाडीपर्यंत वाहणे यांत अर्धा वाटा बायकोचा असतो, तरी कागदावर तिचे नाव नसते. जिचे नाव नाही, तिला मजुरी मागताही येत नाही. म्हणून दोघांची नावे स्वतंत्र लिहिणे ही सुधारणेची पहिली पायरी होय.

शेतकऱ्याचा हिशेब

शेतमालाच्या भावाची शाश्वती नसते आणि मजुरीचा खर्च वाढत जातो, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तथापि सोयाबीनमध्ये पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तण निघाले नाही, तर नंतर कितीही खर्च केला तरी उत्पन्नातील घट भरून येत नाही. समजा, रोजामागे शंभर रुपये कमी देऊन सहा स्त्रियांच्या मागे दिवसाला सहाशे रुपये वाचविले. पण त्याच स्त्रिया पुढच्या आठवड्यात पूर्ण रोज देणाऱ्या शेजाऱ्याकडे गेल्या आणि खुरपणी लांबली, तर पिकाचे जे नुकसान होईल त्यापुढे ही बचत क्षुल्लक ठरेल. ऐन हंगामात मजूर वेळेवर येतात ते विश्वास असलेल्या दारी.

शिवाय स्वतःची दोन एकर जमीन कसणारे कुटुंबही हंगामात दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस जाते. आज जो मालक आहे, त्याच्याच घरची लेक-सून उद्या मजूर असते.

काय करावे?

1. मजुरीचा दर काम सुरू करण्यापूर्वी कामावरून ठरवावा आणि तो सर्वांसमोर सांगावा.

2. उक्ते काम देताना माप व दर दोन्ही आधी निश्चित करावेत. वेचणीचे वजन मजुरांच्या देखत करावे.

3. साध्या वहीत तारीख, नाव, काम व दिलेली रक्कम लिहून सही अथवा अंगठा घ्यावा. शेतीकामास पाचांहून अधिक माणसे न लावणाऱ्या शेतकऱ्यास नोंदवह्या ठेवण्याची सक्ती नाही. परंतु मागणी झाल्यास मजुरी दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो.

4. स्त्रीची मजुरी तिच्याच हाती अथवा तिच्याच खात्यात द्यावी.

5. शासनाने ठरविलेला शेतीकामाचा चालू किमान दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून मागवून गावपातळीवरील सेवकांनी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.

रिवाज बदलण्यास वेळ लागतो, हे खरे. परंतु एकेकाळी सुधारित बियाणेही गावात एकाच शेतकऱ्याने प्रथम पेरले आणि त्याचे पीक पाहून इतरांनी ते उचलले. समान मजुरीचेही तसेच आहे. येत्या हंगामात प्रत्येक गावी निदान एका शेतकऱ्याने खुरपणीचा रोज सर्वांना सारखा द्यावा; ते पाहून शेजारचे बांधही मागे राहणार नाहीत.