फिरणाऱ्यांचा हिशेब (लेखांक 6) : रात्र कुठं काढली?

मागच्या लेखांकात दोन आकडे दिले होते. 2023 साली देशात सुमारे 95 लाख विदेशी पर्यटक आले, आणि त्याच साली देशांतर्गत पर्यटन झालं सुमारे 251 कोटी. ते वाचून नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या एका दोस्तानं फोनवर विचारलं, "ह्या कोटींत आमी कुठं हाव?"

आधी एक खुलासा. 251 कोटी ही माणसं नव्हेत, भेटी आहेत. वर्षात तीन ठिकाणी जाऊन आला तर एकच माणूस तीनदा मोजला जातो. तेही कुणाच्या वहीत त्याचं नाव चढलं तर. राज्यांचे आकडे मुख्यतः हॉटेल-लॉजच्या नोंदींवर उभे असतात. कुठं त्यात देवस्थानांचे, जत्रांचे अंदाजही मिसळतात. म्हणून अमुक राज्य पहिलं आलं, अशा बातम्या मी जरा बेतानंच वाचतो.

आता मार्गशीर्षातली माळेगावची जत्रा घ्या. खंडोबाच्या दर्शनाला आमच्याकडून टेम्पो भरून निघतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन घोंगड्या आणि एखादी म्हातारी, जिला पुढची सीट द्यावीच लागते. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल पाहत दिवस जातो. रात्री तीन दगडांची चूल पेटते आणि निजायला टेम्पोचा हौदा असतो. लॉजची पायरी कुणी चढत नाही. व्याख्येप्रमाणे घराबाहेर रात्र काढणारा पर्यटकच. पण ही रात्र कोणत्या वहीत लिहायची?

नांदेडात वेगळीच गंमत. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये इथं देह ठेवला, म्हणून इथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जगभरचे शीख येतात. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं निघालेल्यांना वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो. भांडं तेवढं आपलं काढायचं. इथं उतरल्यावर यात्री निवास, तिथंही लंगर. एवढा प्रवास करून हॉटेलच्या गल्ल्यात फारसं काही पडत नाही. रिक्षावाल्याला आणि कडं-कृपाण विकणाऱ्याला मात्र हा पाहुणा पक्का ठाऊक असतो.

समजा, कॅनडात राहणारे दोन भाऊ एकाच रिक्षातून गुरुद्वाऱ्यात उतरले. थोरल्याकडं कॅनडाचा पासपोर्ट, धाकट्याकडं अजून भारताचाच. दोघं पंजाबीच बोलतात, पण विमानतळावर थोरला विदेशी पर्यटक ठरला आणि धाकटा अनिवासी भारतीय. हा दुसरा रकाना काही किरकोळ नाही. 2023 मध्ये त्यात सुमारे 94 लाख आगमनं होती, म्हणजे विदेशी पर्यटकांच्या जवळपास बरोबरीची. दोन्ही मिळून 1 कोटी 89 लाख होतात. "विदेशी पर्यटक वाढले" असं कुणी म्हणालं की यातला कोणता आकडा, ते आधी विचारावं. थोरला लॉजवर उतरला तर लॉजवाल्याला 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. धाकट्याला हा नियम लागू नाही.

राहिली बासरची वारी. वसंत पंचमीला लेकराला सरस्वतीपुढं पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला नेतात. नायगावला रेल्वे नाही, म्हणून उमरी किंवा धर्माबाद गाठायचं आणि गाडीनं तेलंगणात उतरायचं. गोदावरीच्या घाटावर दशम्या सोडायच्या. दिवेलागणीला परत घरी. परराज्यात जाऊन आलं, पण बाहेर रात्र काढली नाही. म्हणून हे अख्खं घर पर्यटकच नव्हे, नुसते 'एकदिवसीय प्रवासी'.

दोस्ताला एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मंग पुढच्या खेपेला बासरला मुक्काम करतो."