पोलिसांचं पिस्तूल आणि लायसन्सचं पिस्तूल: फरक लोखंडात नाही, काडतुसात आहे

पोलिस इन्स्पेक्टरच्या कमरेला असतं तसंच पिस्तूल सामान्य माणसाला लायसन्स काढून मिळतं का? बहुतेकांना वाटतं, पैसे आणि ओळख असली की मिळतं. पण नाही मिळत. आपल्या देशात पोलिसांची हत्यारं आणि नागरिकांची हत्यारं यांच्यात कायद्याने एक रेघ ओढली आहे. ही रेघ पिस्तुलाचा आकार, रंग किंवा कंपनी बघून ओढलेली नाही. त्या हत्यारात कोणतं काडतूस बसतं, एवढंच कायदा मुख्यतः बघतो. रेघेच्या अलीकडे हत्यार सापडलं तर शिक्षा वेगळी, पलीकडचं सापडलं तर वेगळी, आणि या दोन शिक्षांमध्ये आयुष्यातली कितीतरी वर्षं जातात. म्हणून हा विषय हौशी लोकांपुरता नाही, घरातल्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावा असा आहे.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ. बोलताना आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो. पण रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यात गोल फिरणारं चक्र असतं आणि त्या चक्राच्या घरांत साधारण सहा काडतुसं बसतात. चाप ओढला की चक्र फिरतं आणि गोळी सुटते. पिस्तुलात चक्र नसतं. मुठीत खालून मॅगझीन बसतं आणि वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे खेचून सोडला की पहिलं काडतूस नळीत जातं. पुढची काडतुसं मग आपोआप चढतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कोर्टाच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

आता पोलिसांकडे काय असतं ते पाहू. जुन्या काळापासून अधिकाऱ्यांकडे 'पॉइंट अडतीस' म्हणजे .३८ चं रिव्हॉल्व्हर असायचं. त्यानंतर आलं ९ एमएम पिस्तूल. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत बनणारं 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' हे मूळच्या ब्राउनिंग हाय-पॉवर या प्रसिद्ध पिस्तुलाचं भारतीय रूप. मॅगझीनमध्ये १३ काडतुसं. अलीकडे एनएसजीसारख्या दलांकडे ऑस्ट्रियाचं ग्लॉक १७ दिसतं, तेही ९ एमएमचंच.

आणि नागरिकाकडे काय असतं? बहुतेक वेळा .३२, म्हणजे 'पॉइंट बत्तीस'. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर परवानाधारकांमध्ये सगळ्यात ओळखीचं आहे. गंमत अशी की त्याची ठेवण वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली आहे, ज्याचं .३८ रूप एकेकाळी पोलिस वापरायचे. मधोमध मोडून उघडतं, रिकामी काडतुसं बाहेर पडतात. दिसायला भाऊ-भाऊच, पण पोट लहान केलेलं. २०१४ मध्ये याच कानपूरहून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेही .३२ च.

ताकदीचा हिशोब करायचा तर ९ एमएमच्या गोळीची ऊर्जा साधारण साडेचारशे ते पाचशे ज्यूल असते. .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीची दीडशेच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने तिसरा हिस्सा. याचा अर्थ .३२ ने माणूस मरत नाही असा मुळीच नाही. घरात पोरांच्या हाती लागलं तर जीव घ्यायला ते पुरेसं आहे.

मग सरकारने ही रेघ काडतुसावर का ओढली? याचं उत्तर इंग्रजांच्या काळात आहे. १८५७ नंतर हिंदुस्थानी माणसाच्या हातात बंदूक असणं हीच राज्यकर्त्यांची मोठी धास्ती होती. १८७८ चा हत्यार कायदा त्यातूनच आला. लष्कर आणि पोलिस जे काडतूस वापरतात ते चोरून, विकत घेऊन किंवा फितुरीने बाहेर गेलं, तरी बाहेरच्या कुठल्याही हत्यारात बसता कामा नये, असा सरळ हिशोब. ही धास्ती इतकी होती की इंग्रजांनी आपल्याच पोलिसांवरही पूर्ण भरवसा ठेवला नाही. लष्करी .३०३ रायफलींच्या नळ्या बदलून त्या एकाच गोळीच्या .४१० मस्केट केल्या आणि त्या पोलिस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या. म्हणजे त्या काळी पोलिसांचं हत्यार लष्करापेक्षा मुद्दाम कमजोर केलेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा आर्म्स अॅक्ट आला, पण बोअरचा हिशोब राहिला. नियमांच्या परिशिष्टात आजही ती यादी आहे: ज्या पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची काठ असलेली काडतुसं, किंवा सैन्य-पोलिसांची ९ एमएम आणि .४५ ची काडतुसं बसतात, ती प्रतिबंधित बोअरमध्ये. यालाच ऑफिसात 'पीबी' म्हणतात. बाकीची 'एनपीबी'. पीबीचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाही, तो अधिकार दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. एनपीबीचा परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिस आयुक्तांकडून. त्यामुळे 'साहेबांशी बोलून ९ एमएमचं लायसन्स करून देतो' असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय, एवढं समजून चाला.

अमेरिकेत हे चित्र अगदी वेगळं आहे. तिथे पोलिस वापरतो ते ९ एमएमचं ग्लॉक दुकानातून नागरिकही घेतो. फरक असतो तो बारीकसारीक. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉकचा चाप मुद्दाम जड करून घेतला, चुकून गोळी सुटू नये म्हणून. १९९४ ते २००४ या काळात तिथल्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझीन बंद होती, पोलिसांना मुभा होती. कॅलिफोर्नियात आजही काही नवी मॉडेल दुकानदार नागरिकाला विकू शकत नाही, पोलिसाला विकू शकतो. पण गोळी तीच. इंटरनेटवर 'पोलिस मॉडेल' आणि 'सिव्हिलियन मॉडेल' अशी जी चर्चा आपली पोरं बघतात ती बहुतेक तिकडची असते. ती इथे लावू नये.

आपल्याकडे अजून एक फरक आहे जो बाहेरून दिसत नाही. पोलिसाच्या कमरेच्या पिस्तुलाला लायसन्सच नसतं. ड्युटीवरच्या सरकारी नोकराला आर्म्स अॅक्टच्या कलम ४५ ने त्यातून वगळलं आहे. पिस्तूल सरकारचं असतं, शस्त्रागाराच्या रजिस्टरात नंबर आणि काडतुसांच्या मोजणीसह त्याची नोंद असते. तोच अधिकारी स्वतःच्या पैशाने हत्यार घ्यायला गेला तर त्याला तुमच्या-माझ्यासारखाच परवाना काढावा लागतो.

आता शिक्षेकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. विनापरवाना साधं, म्हणजे एनपीबी हत्यार बाळगलं तर कलम २५(१-बी) खाली किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं. आणि प्रतिबंधित हत्यार किंवा त्याची काडतुसं बाळगली तर कलम २५(१-ए) खाली किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त १४ वर्षं. दुरुस्तीआधी ही मुदत ५ ते १० वर्षं होती. संजय दत्त यांचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. १९९३ च्या खटल्यात त्यांना टाडाखाली नव्हे, तर आर्म्स अॅक्टखाली शिक्षा झाली, आणि हत्यारं होती एके-५६ रायफल व ९ एमएम पिस्तूल. खालच्या कोर्टाने सहा वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती पाचवर आणली. पाच का, चार किंवा तीन का नाही? कारण पाच हीच तेव्हाची किमान मर्यादा होती. आज तीच मर्यादा सात आहे.

म्हणून एखाद्या घरातल्या मुलावर आर्म्स अॅक्टची केस लागली, तर 'पिस्तूल सापडलं' एवढ्यावर थांबू नका. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घ्या आणि बोअर काय लिहिला आहे ते बघा. ७.६५ एमएम म्हणजे .३२, ते एनपीबी. ७.६२ मात्र लष्करी रायफलीचा बोअर, तो प्रतिबंधित. एका आकड्याचा फरक आहे आणि घाईत लिहिताना गडबड व्हायला तेवढा पुरतो. 'ऑटोमॅटिक पिस्तूल' हा शब्दही पंचनाम्यात सर्रास येतो. कायद्याच्या भाषेत ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते, आणि ते प्रतिबंधित. बाजारातली बहुतेक पिस्तुलं एका दाबाला एकच गोळी सोडतात. अंतिम शब्द प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक रिपोर्टचा असतो. तो आल्यावर लावलेलं कलम आणि रिपोर्टमधला बोअर जुळतो का, हे वकिलाला विचारा. शिवाय कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना हत्याराच्या खटल्याला आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, असं कलम ३९ सांगतं. ती मंजुरी फाइलमध्ये आहे का, हेही पाहायला सांगा.

पोलिसाच्या हत्याराला हात लावण्याचा विषय तर त्याहून गंभीर. २०१९ च्या दुरुस्तीने बळजबरीने पोलिसाचं हत्यार हिसकावणं हा वेगळा गुन्हा केला: किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मोर्चात, धक्काबुक्कीत सापडलेल्या तरुणांना हे माहीतच नसतं. याची दुसरी बाजूही आहे. आरोपीने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असं पोलिस सांगतात तेव्हा ते हत्यार कोणतं होतं, हा प्रश्न कोर्टात महत्त्वाचा ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा काढला होता. रिव्हॉल्व्हरचा चाप कोणीही ओढेल. पण पिस्तुलाची स्लाइड खेचून काडतूस चढवायला ताकद आणि सवय लागते, ती त्या माणसाकडे होती का, अशा अर्थाची विचारणा कोर्टाने केली.

शेवटी घरातल्या जुन्या हत्यारांबद्दल, कारण चुका जास्त इथे होतात. वडील किंवा दादा मरहूम झाले, त्यांच्या नावाचं लायसन्स होतं, हत्यार कपाटात तसंच राहिलं. घरच्यांना वाटतं, लायसन्सचंच तर आहे. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की तो संपतो. त्यानंतर विनाकारण उशीर न करता ते हत्यार जवळच्या पोलिस स्टेशनात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची, असं कलम २१ सांगतं. जमा केलं म्हणजे हक्क गेला असं नाही. आर्म्स रूल्स २०१६ नुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. धारक हयात असताना, त्याचं वय ७० झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असल्यावरही वारसाच्या नावाने ते करून घेता येतं. अर्जदाराचं वय मात्र २१ पूर्ण हवं. आणि २०१९ पासून एका माणसाकडे तीन नाही, दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाची धरून.

जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच्यावर कोरलेला बोअर आणि लायसन्सवर लिहिलेला बोअर हातात कागद घेऊन जुळवून बघा. .३२ असेल तर मार्ग सोपा आहे. .४५५ किंवा .३८० दिसला तर ते एकेकाळी साहेब लोकांच्या कमरेचं, प्रतिबंधित बोअरचं हत्यार आहे. ते स्वतः घेऊन रस्त्याने निघू नका. आधी वकिलाला गाठा, त्याच्याकरवी पोलिस स्टेशनला लेखी कळवा आणि त्या पत्राच्या प्रतीवर पोच घेऊन ती जपून ठेवा.