बुग्यालातली ऑर्किडं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी जण उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात. वृक्षरेषेच्या वरच्या अशा कुरणांना तिथे बुग्याल म्हणतात. जून-जुलैत तिथल्या ओलसर गवतात हथाजडी या ऑर्किडचे गुलाबी-जांभळे तुरे उभे राहतात. शास्त्रीय नाव डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा सालमपंजा हा तिचाच वाळवलेला कंद.

गैरसमज : ऑर्किड झाडावरच वाढतं आणि झाडाचा रस शोषतं.
वस्तुस्थिती : हथाजडी मातीत रुजते. झाडांवर वाढणारं ऑर्किडसुद्धा परजीवी नसतं. सह्याद्रीतली सीतेची वेणी फांदीचा फक्त आधार घेते. पाणी मिळवते पावसातून आणि हवेतून.

गैरसमज : एवढं देखणं फूल, म्हणजे मध असणारच.
वस्तुस्थिती : हथाजडीच्या प्रजातीतल्या (डॅक्टिलोऱ्हायझा) बहुतेक फुलांना मागे शुंड म्हणजे पोकळ नळी असते, पण आत मध नसतो. भुंगे फसून येतात आणि रिकाम्या पोटी परागपुंज घेऊन जातात. अनुभवी भुंगे अशी फुलं टाळतात, त्यामुळे फळधारणा कमीच होते.

गैरसमज : एखादं रोप आणून कुंडीत लावता येईल.
वस्तुस्थिती : ऑर्किडच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा नसतो. मातीतली ठरावीक बुरशी अन्न पुरवते तेव्हाच निसर्गात त्या रुजतात. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे उलगडलं. ती माती, ती बुरशी आणि तो गारठा कुंडीत आणता येत नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानातून रोप उचलणं हा गुन्हा आहे.

गैरसमज : कंद काढला तरी पुढच्या वर्षी रोप उगवेलच.
वस्तुस्थिती : बोटांसारख्या फाट्यांचे दोन कंद जमिनीत असतात. जुना कंद यंदाच्या रोपाला पोसून सुकतो, नवा पुढच्या वर्षासाठी साठा करतो. खणलं की दोन्ही जातात, आणि बी धरण्याआधी खणलं तर वंशही खुंटतो. या उपशामुळेच हथाजडी संकटात आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रण आहे.

गैरसमज : फूल तोडलं नाही, म्हणजे नुकसान झालं नाही.
वस्तुस्थिती : बी रुजल्यापासून फुलायला काही वर्षं लागतात. तोवर गवतात नुसती पानं दिसतात आणि फोटोसाठी गुडघे टेकणाऱ्याच्या खाली तीच चिरडतात.

म्हणून पायवाट सोडू नका, फोटो झूम करून घ्या आणि फोटोसोबत नेमकी जागा जाहीर करू नका. सालमपंजा विकत घेऊ नका. मागणी थांबली तरच खणणं थांबेल.